व्यवस्थापनाच्या पुस्तकात शाहू महाराज का नाहीत?

कसबा बावड्यात वाढलेल्या माणसाच्या मनात दोन जागा कायमच्या घर करून असतात. एक छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना आणि दुसरी लक्ष्मी-विलास पॅलेस. पहिल्या ठिकाणी ऊस गाळला जातो. दुसऱ्या ठिकाणी 26 जून 1874 रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला. गाळप हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्यांनी रस्ता भरतो आणि 26 जूनला निळ्या, भगव्या, पिवळ्या झेंड्यांनी. मी लहानपणापासून हे दोन्ही पाहत आलो. पण या दोन जागांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे मला कधी वाटले नव्हते. तो संबंध माझ्या पुतणीने माझ्या लक्षात आणून दिला.

पुतणी एमबीए करते. तिचे वडील, म्हणजे माझे थोरले भाऊ, एका वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून राबले आणि पोरीला इथवर शिकवले. परवा ती एका कंपनीची मुलाखत देऊन आली. तिथे तिला विषयाचे प्रश्न मोजून दोन विचारले. बाकी सगळे आडनावावरून गाव, गावावरून घर, घरावरून वडिलांचा धंदा. वडील हेल्पर होते म्हटल्यावर समोरच्या साहेबांनी फाईल मिटली. घरी आल्यावर तिने आपले 'व्यवस्थापन विचारांचा इतिहास' या विषयाचे जाडजूड पुस्तक माझ्यापुढे टाकले आणि म्हणाली, "काका, ह्यात टेलर आहे, फेयॉल आहे, वेबर आहे, मेयो आहे. सगळ्या जगाचं मॅनेजमेंट आहे. पण आपलं कोणच न्हाई व्हय?"

पोरीचा प्रश्न साधा आहे, पण त्याच्या मुळाशी मोठे राजकारण आहे. म्हणून आज या विषयाकडे वळलो आहे. व्यवस्थापन हा टाय लावणाऱ्यांचा विषय आहे, त्याचे चळवळीला काय, असे काही बांधवांना वाटेल. पण व्यवस्थापन म्हणजे तरी काय? काम कोणी करायचे, किती करायचे, हुकूम कोणी द्यायचा आणि फळ कोणी खायचे, हे ठरवण्याची विद्या. हे चार प्रश्न आपले नाहीत तर कोणाचे आहेत?

पुस्तकातली गोष्ट बहुधा फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरपासून सुरू होते. त्याचे 'शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे' हे पुस्तक 1911 मध्ये निघाले. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात लोखंडाच्या लाद्या गाडीत चढवण्याचे काम होते. एक मजूर दिवसाला साडेबारा टन चढवत असे. टेलरने हातात घड्याळ घेऊन कधी उचलायचे, कधी चालायचे, कधी बसायचे हे ठरवून दिले आणि तोच मजूर साडेसत्तेचाळीस टन चढवू लागला असे लिहिले. काम जवळपास चौपट झाले. मजुरी किती वाढली? 1 डॉलर 15 सेंटवरून 1 डॉलर 85 सेंट. आणि या कामाला योग्य माणूस कसा असावा, तर बुद्धीने बैलासारखा, हेही टेलरने उघडपणे लिहून ठेवले आहे. विचार करण्याचे काम साहेबाचे, हात चालवण्याचे काम मजुराचे, हा टेलरच्या विद्येचा गाभा आहे. तिथल्या कामगारांनी हे मुकाट्याने सोसले नाही. 1911 मध्येच वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रकारखान्यात कामगारांनी या घड्याळाविरुद्ध संप केला आणि टेलरला अमेरिकन संसदेच्या समितीपुढे जबाब द्यावा लागला.

पण खरी गोष्ट टेलरच्याही आधीची आहे आणि ती पाठ्यपुस्तके अनेक वर्षे लपवत आली. केटलिन रोझेन्थल या अभ्यासक बाईंचा 2018 मध्ये ग्रंथ निघाला. गुलामांच्या मळ्यांवरचे हिशेब त्यांनी तपासले. कोणत्या गुलामाने आज किती कापूस वेचला याची रोजची नोंद, वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक गुलामाची किंमत किती आणि अखेरीस किती, याचे रकाने असलेल्या छापील वह्या अमेरिकेच्या दक्षिण भागात विकल्या जात होत्या. म्हणजे माणसाकडून काम मोजून काढण्याची विद्या केवळ कारखान्यात जन्मली नाही. ती चाबकाच्या सावलीतही वाढली. हे सांगायला गोऱ्या विद्यापीठांना इतकी वर्षे लागली. मग आपल्याकडच्या विद्यापीठांनी जातीबद्दल मौन पाळले तर नवल कसले?

कारण आपल्या देशात तर टेलरच्या आधी शेकडो वर्षे एक पक्के व्यवस्थापन चालू होते. गावगाडा नावाचा कारखाना होता. त्यात कोणी विचार करायचा आणि कोणी मेलेले ढोर ओढायचे हे घड्याळ लावून नव्हे, जन्मावरून ठरत होते. महारवतन हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर नेमणूक जन्मजात, कामाचे स्वरूप अमर्याद, कामाचे तास चोवीस, पगार ठरलेला नाही आणि राजीनामा द्यायची सोय नाही. घरातला बाप आजारी पडला तर पोराने जायचे. सरकारी डाक न्या, साहेबाचे सामान वाहा, वेशीवर राखण करा, सांगावा घेऊन परगावी पळा. टेलरने मजुराला बैल म्हटले, पण निदान चांगले काम केल्यास मजुरी वाढेल असे तरी सांगितले. आमच्या व्यवस्थेत काम वाढले तरी दर्जा वाढणार नव्हता, कारण दर्जाचा कामाशी संबंधच नव्हता.

ही व्यवस्था पहिल्यांदा चिरफाड करून दाखवली ती महात्मा जोतीराव फुल्यांनी. 1883 साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा आसूड' मध्ये त्यांनी सरकारी खात्यांत एकाच वर्गाची दाटी झाली की कागदपत्राच्या जोरावर अडाणी रयत कशी नागवली जाते हे खात्यावार मांडले. नोकरशाही या विषयावरील तो आपल्याकडील मूलभूत ग्रंथ मानावा लागेल. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि 1890 मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. आज मॅनेजर साहेब रविवारी बायकापोरांना घेऊन फिरायला जातात, ते कोणाच्या कृपेने, हे त्यांच्या पुस्तकात नाही.

आता आपण पुन्हा बावड्यात येऊ. लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये जन्मलेला मुलगा 1884 मध्ये दत्तक गेला आणि 2 एप्रिल 1894 रोजी कोल्हापूरचा कारभार त्याच्या हाती आला. तेव्हा दरबारच्या 71 अधिकारपदांपैकी 60 पदांवर ब्राह्मण अधिकारी होते आणि खासगी खात्यातल्या 53 पैकी 46 पदांवर. संस्थानच्या रयतेतला बहुसंख्य वर्ग दप्तराच्या बाहेर उभा होता. महाराजांनी आठ वर्षे हे पाहिले, वसतिगृहे काढली, मुले शिकवली. आणि 26 जुलै 1902 रोजी, स्वतः विलायतेत असताना, करवीर गॅझेटमध्ये तो प्रसिद्ध हुकूम निघाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भरायच्या.

हा हुकूम आपण आरक्षणाचा आरंभ म्हणून साजरा करतो आणि ते योग्यच आहे. पण त्याकडे व्यवस्थापनाचा कागद म्हणून एकदा बघा. पहिली गोष्ट, त्यात उद्दिष्ट आकड्यात दिले आहे. मागासांना संधी द्यावी असा गोड उपदेश नाही, पन्नास टक्के असा आकडा आहे. दुसरी गोष्ट, ज्या कचेरीत हे प्रमाण पन्नास टक्क्यांहून कमी आहे तिथे पुढची जागा याच वर्गातून भरावी, असा नेमका नियम आहे. तिसरी गोष्ट, मागासलेले कोण याची व्याख्या स्पष्ट आहे. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट, प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीला आपण केलेल्या नेमणुकांचे पत्रक सरकारकडे पाठवायचे आहे. उद्दिष्ट, नियम, जबाबदार अधिकारी आणि तिमाही अहवाल. पीटर ड्रकर यांनी उद्दिष्टानुसार व्यवस्थापन ही कल्पना 1954 मध्ये मांडली आणि जगाने ती डोक्यावर घेतली. आमच्या राजाने ती 52 वर्षे आधी अंमलात आणून दाखवली होती.

मॅक्स वेबर या जर्मन विद्वानाचे नाव प्रत्येक पुस्तकात असते. पद हे वारसाने मिळू नये, पात्रतेने मिळावे, त्याला ठरलेला पगार असावा आणि काम लेखी नियमाने चालावे, हा त्यांचा विचार. त्यांचा मोठा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1922 च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्याच 1922 च्या 6 मे रोजी शाहू महाराज गेले. पण त्याआधीच 1918 मध्ये त्यांनी वंशपरंपरेची कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमायला सुरुवात केली होती, महारवतने मोडीत काढली होती, बलुतेदारीची सक्ती उठवली होती आणि अस्पृश्य समाजातल्या तरुणांना तलाठ्याच्या कामावर घेतले होते. वेबर लिहीत होते तेव्हा कोल्हापुरात ते घडत होते.

यावर काही विद्वान म्हणतील की महाराजांनी सिद्धांत कुठे लिहिला? त्यांना एवढेच विचारतो की हेन्री फेयॉल कोण होता? तो फ्रान्समधल्या खाण कंपनीचा कारभारी होता. आयुष्यभर कारभार केला आणि त्या अनुभवातून 1916 मध्ये चौदा तत्त्वे लिहिली. खाणीच्या कारभाऱ्याचा अनुभव सिद्धांत होतो आणि एका संस्थानाचा सामाजिक कायापालट करणाऱ्या राजाचा अनुभव केवळ 'दयाळूपणा' होतो, हा कोणता न्याय? घोड्यांच्या चंदीची गोष्ट कोल्हापुरात पोरासोरांना पाठ आहे. चंदी एकत्र ओतली की दांडगे घोडे खातात आणि दुबळे उपाशी राहतात. संधीच्या वाटपाचा याहून सोपा धडा कोणत्या बिझनेस स्कूलमध्ये शिकवतात?

टेलरनंतर पश्चिमेत विचार पुढे सरकला. 1924 ते 1932 या काळात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात प्रयोग झाले. दिवे वाढवले, कमी केले, विश्रांती बदलली. या प्रयोगांवरून एल्टन मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष काढला की कामगार हा यंत्राचा भाग नाही, त्याला मन आहे, सोबती आहेत, मान हवा आहे. याला मानवी संबंधांची विचारसरणी म्हणतात. याच सुमारास, 1936 मध्ये, बाबासाहेबांचे 'जातिनिर्मूलन' प्रसिद्ध झाले. जात ही श्रमाची विभागणी आहे असे म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी तिथे उत्तर दिले की ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. पुढे ते अर्थशास्त्रज्ञ म्हणून विचारतात की ज्या कामात माणसाचे मन नाही आणि बुद्धीही नाही, जे काम त्याने निवडलेले नाही आणि ज्या कामामुळे समाज त्याला हीन लेखतो, त्या कामात कार्यक्षमता येणार कशी? मेयोंनी माणसाला मन आहे हे शोधले. बाबासाहेबांनी ते मन कोणी आणि कशाने मारले हे सांगितले. मेयो कारखान्याच्या फाटकाशी थांबले, बाबासाहेब फाटकाबाहेरच्या वस्तीपर्यंत आले.

आणि हे नुसते ग्रंथातले नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याला पगार चांगला होता, पण तिथे आपल्या माणसांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. मालकाला फक्त नफा कळतो, तो जात बघत नाही, असे सांगणाऱ्यांनी हा धागा तपासून बघावा. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. पुढे 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. मालक, कामगार आणि सरकार या तिघांनी एका टेबलाशी बसण्याची पद्धत त्यांनी रुजवली. 1946 मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे कामाचे तास 54 वरून 48 वर आले, त्यामागेही त्यांचीच मेहनत होती. त्या देशात 2023 मध्ये एका नामांकित उद्योगपतींनी, नारायण मूर्तींनी, तरुणांना आठवड्याला 70 तास काम करण्याचा सल्ला द्यावा, ही गाडी पुढे चालली आहे की मागे?

1960 मध्ये डग्लस मॅकग्रेगर यांनी दोन तऱ्हेचे साहेब सांगितले. पहिल्याला वाटते की माणूस मुळात कामचुकार आहे, त्याला दामटल्याशिवाय तो राबणार नाही. दुसऱ्याला वाटते की योग्य संधी दिली तर माणूस आपण होऊन जबाबदारी घेतो. आपल्याकडे तिसऱ्या तऱ्हेचा साहेब आहे. तो आपल्या नात्यागोत्यातल्या पोराकडे दुसऱ्या नजरेने बघतो आणि आपल्या पोरीकडे पहिल्या नजरेने. हा माझा कांगावा नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांकडे पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जांना कमी बोलावणी आली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. गुणवत्तेचा जप करणारे हे साहेब उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' आवर्जून बघतात, असे त्यात आढळले. 2012 च्या एका अभ्यासात देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांची संचालक मंडळे तपासली, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक संचालक उच्च जातींचे निघाले. माझ्या पुतणीची फाईल का मिटली, याचे उत्तर तिच्या गुणपत्रिकेत शोधून सापडणार नाही.

1990 मध्ये आणखी एक विचार आला. कंपनीने आपल्या मुख्य कौशल्यावर लक्ष द्यावे, असे सी. के. प्रल्हाद आणि गॅरी हॅमेल यांनी लिहिले. आपल्याकडे त्याचा सोयीचा अर्थ निघाला, की बाकी कामे बाहेर ठेक्याने द्यावीत. मग झाडू, गटार, पहारा, सगळे ठेकेदाराकडे गेले. ही कामे करणारे कोण, हे सांगायची गरज नाही. कायम नोकरी गेली तसे आरक्षणही गेले, कारण ठेक्याला बिंदुनामावली नसते. गटारात माणूस उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे. तो मेला तर सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये 10 लाख आणि 2023 मध्ये 30 लाख भरपाई ठरवली. तरी माणसे मरतात आणि मालक म्हणतो, तो माझा कामगार नव्हे, ठेकेदाराचा.

साखर धंद्यातही हेच आहे. ऊस तोडणारा कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. तो मुकादमाची उचल घेऊन मराठवाड्यातून येतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, टनावर मजुरी मिळते आणि एक दिवस पडला तर खाडा कापला जातो. टेलरचे घड्याळ आणि गावगाड्याची वेठ यांचा हा संकर आहे. बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी 2019 मध्ये सरकारी समितीने केली, तेव्हा 13 हजारांहून अधिक बायांची गर्भाशये काढलेली आढळली. बाईच्या शरीराची ही हालत करणारी व्यवस्था आपोआप झालेली नाही. ती कोणीतरी हिशेबाने आखली आहे. यालाही व्यवस्थापनच म्हणतात.

पण दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्याकडेही बघितले पाहिजे. आपल्या संस्था, मंडळे, पतपेढ्या, पक्ष यांचा कारभार कसा चालतो? वर्गणीचा हिशेब किती ठिकाणी वेळेवर मांडला जातो? दुसरी फळी किती नेत्यांनी तयार केली? 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी बौद्ध भिक्खू संघाची आठवण दिली होती. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, हे सगळे संघात होते. त्याच भाषणात त्यांनी विभूतिपूजेपासून सावध केले होते. आपण त्यांची पूजा ठेवली आणि सभेची इतिवृत्तवही हरवली. एक गट फुटून दोन होतात ते अनेकदा विचारामुळे नव्हे, हिशेब न दिल्यामुळे. शाहू महाराजांनी खातेप्रमुखांकडून तिमाही पत्रक मागितले. आपण आपल्या अध्यक्षांकडून वर्षातून एकदा तरी मागतो का?

म्हणून तीन गोष्टी सांगतो. एक, विद्यापीठांनी व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात फुले, लोखंडे, शाहू आणि बाबासाहेब यांना उपकार म्हणून नव्हे, विचारवंत म्हणून जागा द्यावी. निदान शिवाजी महाराजांच्या नावाने चालणाऱ्या कोल्हापूरच्या विद्यापीठाने यात पुढाकार घ्यावा. शिवाजी विद्यापीठाच्या अंगणात बसूनही पोरांना हे कळत नसेल तर कुठे कळणार? दोन, खासगी कंपन्या आणि ठेकेदार यांच्याकडून कोणत्या समाजातले किती लोक कोणत्या पदावर आहेत याचे तिमाही पत्रक मागावे. 1902 मध्ये संस्थानाला जे जमले ते आज संगणकाच्या काळात जमत नाही, हे कोणाला पटेल? तीन, कामगारांना व्यवस्थापनात भाग मिळावा असे संविधानाचे कलम 43-अ सांगते. ते 1976 मध्ये आले. त्या कलमावर बसलेली धूळ आपल्या संघटनांनी झटकावी.

पुतणीला मी ते पुस्तक परत दिले. सांगितले, बाई, हे फेकू नकोस, नीट वाच. टेलर वाच, मेयो वाच, कारण समोरचा ज्या हत्याराने खेळतो ते हत्यार आपल्याला चालवता आले पाहिजे. आणि प्रकल्पाचा विषय विचारतील तेव्हा 26 जुलै 1902 चा हुकूम दे. घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर त्या हुकमाचा कर्ता जन्मला. पुढच्या मुलाखतीत कोणी पार्श्वभूमी विचारली तर मान खाली घालू नकोस. सांग, मी बावड्याची. माझी पार्श्वभूमी तीच आहे.

जयभीम!